स्वमग्न मुलांची झोप : औषधाकडे वळण्यापूर्वी घरात काय करून पाहता येते?

शुक्रवारपेठ_आई

आमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो मोजके शब्द बोलतो, चित्रांवर बोट ठेवून हवे-नको सांगतो, आणि अगदी अलीकडेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन वर्षे, तो रात्री बाराच्या आधी झोपल्याचे मला आठवत नाही. झोपला तरी तीनच्या सुमारास उठून पलंगावर उड्या मारत असे. आमचे घर जुने, माडीची जमीन लाकडी. खालचे भाडेकरू सज्जन असल्यामुळे कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण सकाळी जिन्यात त्यांचे तांबारलेले डोळे पाहिले की मलाच मान खाली घालावीशी वाटे.

डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला तेव्हा आम्ही तीन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी ती दिली, पण एका अटीवर : रोज लिहायचे. अंथरुणावर किती वाजता नेले, डोळा किती वाजता लागला, रात्री केव्हा जाग आली, सकाळी कसा उठला, आणि दिवसभरात काय खाल्ले-प्यायले. दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ज्याला आम्ही दोन वर्षे ‘हट्ट’ म्हणत होतो त्यातला बराचसा भाग आमच्या घराच्या दिनक्रमात दडलेला होता.

तो झोपत होता सव्वाबाराला आणि आम्ही त्याला अंथरुणावर नेत होतो साडेआठला, कारण जाऊबाईंची मुले साडेआठला झोपतात. म्हणजे रोज पावणेचार तास अंधाऱ्या खोलीत आमची झटापट चाले, आणि अंथरूण ही झटापटीची जागा आहे एवढेच त्याच्या मनात पक्के होत जाई. यावर डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मुलाला लवकर नव्हे, उशिरा झोपायला न्यायचे. बारा वाजेपर्यंत त्याला मंद उजेडात ठोकळे रचू द्यायचे, बारा वाजता अंथरुणावर न्यायचे, सलग चार-पाच रात्री वीस मिनिटांच्या आत डोळा लागला की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, आणि एखादी रात्र बिघडली तर निमूटपणे आदल्या वेळेवर परतायचे. सकाळी उठवण्याची वेळ मात्र काहीही झाले तरी साडेसहा. रविवारीही.

पहिले दोन आठवडे वेळ तसूभरही अलीकडे सरकली नाही. वहीत सगळे नीट लिहिलेले होते आणि तरीही काही जुळत नव्हते. मग एके दिवशी रिक्षामामा त्याला दारात सोडताना सहज म्हणाले, “वहिनी, पोरगं रोज पापाच्या तिकटीपास्नं झोपतंय की.” पापाच्या तिकटीपासून आमचे घर दहा मिनिटांवर आहे, पण मध्ये गर्दीत रिक्षा अडकली की अर्धा तास सहज जातो. रोज दुपारी चारला ही अर्ध्या तासाची डुलकी रात्रीच्या झोपेची भूक मारत होती, आणि घरातल्या कोणी ती पाहिलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मामांनी त्याला पुढे आपल्याशेजारी बसवले आणि दुकानांच्या पाट्या मोजायला लावल्या. आठवडाभरात वेळ सरकू लागली.

आणखी दोन गोष्टी बदलल्या. संध्याकाळी सहाला आजोबा बशीत चहा ओतून, त्यात खारी बुडवून त्याला भरवत. चहातले कॅफिन प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे उतरायलाही साधारण पाच तास लागतात, मग अठरा किलोच्या मुलाच्या रात्रीचे काय होत असेल? चहा बंद केला तेव्हा आजोबा दुखावले. त्याबद्दल पुढे लिहीन. दुसरे म्हणजे बाहेरच्या खोलीतली पांढरीशुभ्र ट्यूबलाइट आणि साडेदहापर्यंत चालणाऱ्या मालिका. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन हे संप्रेरक सोडू लागतो आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. डोळ्यांवर पडणारा प्रखर, निळसर उजेड ती वर्दी अडवून धरतो. आता आठनंतर पिवळा दिवा असतो आणि मालिका आतल्या खोलीत, दार लोटून, पाहिली जाते. यासाठी जेवढी बोलणी करावी लागली तेवढी आमच्या लग्नातही झाली नसतील.

दहा आठवड्यांत आम्ही पावणेदहावर आलो आहोत आणि दहाच्या सुमारास तो झोपतो. प्रश्न उरला आहे तो रात्री तीनच्या जागेचा. आठवड्यातून तीन-चार रात्री तो अजून उठतो. इतर पालकांनी या टप्प्यावर काय केले, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

यंत्रमाग_इचलकरंजी

आमच्या मुलीच्या बाबतीत सगळ्यांनी शांततेचा सल्ला दिला आणि तो साफ चुकला. आमच्या घरामागे यंत्रमागांचा कारखाना आहे. ती जन्मल्यापासून त्या खडखडाटात झोपते. ज्या रात्री माग बंद असतात त्या रात्री ती हमखास जागी होते, कारण एरवी मागांच्या आवाजात बुडून जाणारे कुत्र्याचे भुंकणे, शेजारच्या दाराची कडी, गल्लीतून गेलेली दुचाकी हे सगळे तिला तेव्हा सुटे सुटे ऐकू येते. एकसारखा आवाज तिला त्रास देत नाही, अचानक उठणारा देतो. म्हणून आम्ही बाराही महिने टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो. वारा लागत नाही, घरघर मात्र रात्रभर टिकते. पंखा फार जवळ किंवा फार मोठ्या आवाजाचा नसावा, एवढे पाहावे. वीज गेली की सगळे मुसळ केरात, हे वेगळे सांगायला नको.

बालरोग_कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या ठिकाणी कोणत्याही एका मुलासाठी उपचार सांगणे योग्य होणार नाही, परंतु धाग्यात एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहीत आहे.

स्वमग्न मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी अत्यंत सर्रास आढळतात. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये हे प्रमाण साधारण ४४ ते ८३ टक्के इतके आले आहे, त्यामुळे ‘स्वमग्न आहे म्हणून झोपत नाही’ असे म्हणून पालकही थांबतात आणि कधीकधी आम्ही डॉक्टरही थांबतो. तिथेच चूक होते. जे मूल बोलून सांगू शकत नाही त्याचे दुखणे रात्री उघडे पडते. मूल घोरते का, तोंडाने श्वास घेते का, झोपेत क्षणभर श्वास थांबून दचकते का, हे पाहावे. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढल्या असतील तर कोणताही दिनक्रम पुरा पडणार नाही. बद्धकोष्ठ या मुलांमध्ये फार आढळते, कारण अनेकांचे खाणे चार-पाच पदार्थांपुरते असते. छातीत आंबट येणे, जंतांमुळे रात्री होणारी खाज, किडलेली दाढ, त्वचेचा कोरडेपणा ही सगळी कारणे साधी आहेत आणि वारंवार सापडतात. पाय सतत झाडणाऱ्या, अंथरुणात गोल फिरणाऱ्या मुलाची रक्तातील फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. शरीरातला लोहसाठा कमी असेल तर पायांना चैन पडत नाही. मात्र लोहाची औषधे स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

अपस्मार, म्हणजे फिट येणे, हा या मुलांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळणारा आजार आहे. रात्री एकाच प्रकारची हालचाल, एकाच बाजूला मान वळणे किंवा उठल्यावर विचित्र गुंगी दिसली तर वर्णन करत बसण्यापेक्षा मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. धागाकर्तीने सांगितलेली झोप उशिरा नेण्याची पद्धत उपयुक्त आहे, परंतु तिच्यात सुरुवातीचे काही दिवस मुलाची झोप कमी पडते, आणि अपुऱ्या झोपेने झटके वाढू शकतात. म्हणून अपस्मार असलेल्या मुलावर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२० मध्ये या विषयावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील क्रम असा आहे की आधी झोप बिघडवणारे इतर आजार आणि चालू औषधे तपासावीत, मग पालकांना वर्तनावर आधारित उपाय शिकवावेत, आणि तेवढ्याने भागले नाही तर मेलाटोनिनचा विचार करावा. मेलाटोनिन हेही औषधच आहे. ‘नैसर्गिक’ असे छापलेली बाटली घरपोच मागवून दिली म्हणजे औषध दिले नाही, असा अनेकांचा समज असतो.

फौंड्री_शिरोली

सर्वांचे लेखन वाचले. राग मानू नये, परंतु हे सगळे माडीवर चार खोल्या असणाऱ्यांचे उपाय वाटतात. आम्ही एका खोलीत चौघे राहतो. मी शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत पाळीने कामाला आहे. दुसरी पाळी संपवून घरी पोहोचायला रात्रीचे साडेबारा होतात. मालिका आतल्या खोलीत पाहायला आतली खोलीच नाही. सहा वर्षांचा मुलगा मी आल्यावर जागा होतो तो दोनपर्यंत झोपत नाही. माझ्यासारख्याने यातले नेमके काय करावे?

शुक्रवारपेठ_आई

दादा, रागाचा प्रश्नच नाही. तुमचे म्हणणे रास्त आहे. एक विचारते. तुम्ही आलात की मुलाला नेमके काय काय ऐकू येते आणि दिसते, याची उजळणी एकदा कराल का? दुचाकीचा आवाज, कडी, दिवा, ताट-वाटी, फोडणीचा वास? आमच्याकडे ती रिक्षातली डुलकी सापडेपर्यंत मी घरातल्या सगळ्यांना दोष देऊन झाले होते. एका खोलीत दहा गोष्टी बदलता येणार नाहीत हे खरे, पण कदाचित दोनच बदलाव्या लागतील.

फौंड्री_शिरोली

उजळणी केली. गाडीचा उजेड थेट खिडकीतून त्याच्या तोंडावर येतो, हे मला माहीत नव्हते, पत्नीने सांगितले. आता गाडी बोळाच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणतो. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून जुन्या पातळाचा दुहेरी पडदा केला आहे. जेवण डब्यात झाकून दाराशी ठेवलेले असते, ते मी पायरीवर बसून जेवतो. पाच रात्रींपैकी तीन रात्री तो उठला नाही. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी आहे, तेव्हा काय होते ते लिहीन.

ओटी_ताई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि संवेदनांच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्याकडे येणारे पालक हल्ली सर्वांत आधी वजनदार ब्लँकेटबद्दल विचारतात, कारण ते महाग असते आणि त्यामुळे उपयोगी असणार असे वाटते. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ६७ मुलांनी काही दिवस वजनदार आणि काही दिवस तसेच दिसणारे साधे ब्लँकेट वापरले. झोपेची मोजमापे पाहिली तेव्हा वजनदार ब्लँकेटने झोप वाढली नाही आणि जागही कमी झाली नाही. गंमत अशी की मुलांना आणि पालकांना ते साध्यापेक्षा अधिक आवडले. म्हणून माझे मत असे आहे की मुलाला दाब आवडत असेल तर घरातली वाकळ पुरेशी आहे. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर घालून शिवलेली वाकळ अंगावर चांगली बसते, तिला घरातला ओळखीचा वास असतो आणि ती धुता येते. मुलाला ती स्वतःच्या हाताने सहज बाजूला करता आली पाहिजे, तोंडावर येता कामा नये, आणि लहान बाळावर तसले वजन कधीही घालू नये. एप्रिलच्या उकाड्यात वाकळीचा आग्रह धरू नये, हेही ओघाने आलेच.

प्रत्येक मुलाच्या संवेदना वेगळ्या असतात. एकाला घट्ट मिठी हवी असते, तर दुसऱ्याला चादरीची सुरकुतीसुद्धा टोचते. एका मुलाची झोप लांबण्याचे कारण आम्हाला महिनाभराने सापडले : त्याच्या रात्रीच्या सदऱ्याची मानेमागची पट्टी. ती उसवून टाकली आणि तो अर्ध्या तासाने लवकर झोपू लागला. डासांच्या अगरबत्तीचा वास, फिनेलने पुसलेली फरशी, पंख्याचा एका बाजूने येणारा कटकट आवाज, झिरोच्या बल्बची भिंतीवर हलणारी सावली हे सगळे आपल्याला जाणवतही नाही. म्हणून एकदा मुलाच्या अंथरुणावर, त्याच्या जागी, दिवे घालवून पंधरा मिनिटे पडून पाहावे. पालक हसतात, पण करून आल्यावर काहीतरी सांगायला घेऊनच येतात.

धावणे, उड्या, झोका हे जरूर व्हावे, पण संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. रंकाळ्यावर नेऊन नऊला परत आणलेले मूल दमलेले दिसते, प्रत्यक्षात ते चेतलेले असते. झोपेआधीच्या अर्ध्या तासाचा क्रम चित्रांत मांडावा. चित्रे चार किंवा पाचच असावीत आणि ती शक्यतो त्याच्याच वस्तूंची छायाचित्रे असावीत : त्याची मोरी, त्याचा ब्रश, त्याची उशी. काम झाले की मुलाने ते चित्र काढून डब्यात टाकावे. ‘आता बास, झोप’ हे आपले वाक्य हवेत विरून जाते. रिकामी झालेली पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर राहते.

कसबा_बावडा

चित्रांवरून आमचा प्रयोग सांगतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा, भरपूर बोलणारा आहे. त्याचा प्रश्न वेगळा होता. अंथरुणावर गेल्यावर पाणी, शू, उद्या शाळा आहे का, बस किती वाजता येते, असे करून तो पंधरा वेळा बाहेर येई. त्याला केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या, बसचे अतोनात वेड आहे. आम्ही त्याच्याच संग्रहातली दोन जुनी तिकिटे रोज रात्री त्याच्या उशाशी ठेवू लागलो. एक तिकीट दिले की एकदा बाहेर येता येईल किंवा एक प्रश्न विचारता येईल. तिकिटे संपली की बस डेपोत गेली. न वापरलेले तिकीट सकाळी त्याच्या खास डब्यात जमा होते. पहिल्या तीन रात्री त्याने आमची परीक्षा पाहिली आणि तिकिटे संपल्यावरही बाहेर आला. आम्ही चकार शब्द न बोलता त्याला परत नेऊन झोपवले. चौथ्या रात्रीपासून तो कंडक्टरपेक्षा कडक झाला आहे. मला कालच बजावले की पप्पांनीही तिकिटाशिवाय खोलीत यायचे नाही.

सोनतळी_वाचक

धाग्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली आहे. भाचीच्या घरी दाखवणार आहे.

पेन्शनर_कागल

धागाकर्तीने रात्री तीनच्या जागेबद्दल विचारले आहे, त्याबद्दल माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. मी निवृत्त शिक्षक आहे, नातू आठ वर्षांचा आहे. तो लहानपणापासून आजीजवळ झोपे, आणि झोपताना तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूहळू चुरत राही. पाळी हातात असली की पाच मिनिटांत त्याचे डोळे मिटत. आम्हाला त्याचे कौतुकच वाटे. अडचण अशी की रात्री दोनला, चारला जाग आली की तो अंधारात पाळी शोधू लागे, आणि आजी पाण्याला किंवा मोरीत गेलेली असली तर घर डोक्यावर घेई. त्यातच तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि तिला वेगळे झोपावे लागले. त्या आठ रात्री मी विसरणार नाही.

तेव्हा आम्हाला एका मानसतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले की रात्रीत जाग सगळ्यांनाच अनेकदा येते. झोप चढते, उतरते, आणि प्रत्येक उताराला आपण क्षणभर जागे होऊन कूस बदलतो. सकाळी ते आठवतही नाही. परंतु डोळा लागताना जे जवळ होते ते जाग येताना जवळ नसेल तर मूल पूर्ण जागे होते. तेव्हा तीनला काय करायचे याचे उत्तर तीनला शोधू नका, दहाला शोधा, असे त्यांचे म्हणणे होते.

आजीने तिच्या मऊ झालेल्या पातळाच्या काठाची एक छोटी घडी शिवली, कानाच्या पाळीएवढी जाड. आधी काही दिवस पाळीबरोबर ती घडीही त्याच्या हातात दिली, मग फक्त घडी आणि आजीचा हात, मग आजी पलंगाशेजारी खुर्चीवर, मग खुर्ची दर पाच-सहा दिवसांनी हातभर दाराकडे. खुर्ची उंबऱ्याबाहेर जायला चार महिने लागले. मध्ये दोनदा तो आजारी पडला आणि खुर्ची परत पलंगाशी आली. घाई केली असती तर मोडले असते. आता रात्री जाग आली तर तो घडी चाचपतो आणि झोपतो. एकसारख्या तीन घड्या शिवून ठेवल्या आहेत, कारण एक हरवली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

प्रयाग_चिखली

दिनक्रमावर सगळे भर देतात, पण दिनक्रमच वाहून गेला तर काय, हे आम्ही दोनदा अनुभवले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्हाला घर सोडून एका शाळेत राहावे लागले. साठ-सत्तर माणसे एका सभागृहात, रात्रभर दिवे, लाउडस्पीकरवर नावे पुकारणे, आणि मुलगा पाच वर्षांचा. तो चार रात्री अक्षरशः झोपला नाही आणि घरी परतल्यावरही पूर्वपदावर यायला दिवाळी उजाडली. २०२१ च्या जुलैत पाणी वाढू लागले तेव्हा आम्ही कागदपत्रांच्या आधी त्याची पिशवी भरली : न धुतलेली उशीची खोळ, चित्रांची पट्टी, कान झाकणारे हेडफोन, एक छोटी बॅटरी, आणि नेहमीचे खोबरेल. जागा परकी होती, पण शेवटची वीस मिनिटे तीच होती. तेच तेल, तसेच तळपाय चोळणे, त्याच क्रमाने काढलेली चित्रे. पहिल्या रात्री तो दोनला झोपला, तिसऱ्या रात्री अकराला. ती पिशवी आता लग्नाला, गावाला, दवाखान्यात सगळीकडे जाते.

गणपतीच्या दिवसांचाही प्रश्न आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांपासून आहे, परंतु तालमीपुढे डॉल्बी लागल्यावर डेसिबल कोण मोजतो? आम्ही विसर्जनाच्या दोन रात्री मुलाला मामाकडे डोंगराकडच्या गावी नेतो. हेडफोनची सवय मात्र महिनाभर आधी, दिवसा, पाच-पाच मिनिटे करून लावावी. ऐन आवाजात पहिल्यांदा कानावर चढवले तर तो तेच काढून फेकतो.

शुक्रवारपेठ_आई

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे. पेन्शनर काकांचा प्रतिसाद वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. त्याचे बाबा रोज त्याच्या शेजारी आडवे होत, आणि तो झोपला की पावले न वाजवता बाहेर येऊन बसत. तीनला उठल्यावर तो पलंगावर ज्या बाजूला उड्या मारत असे ती बाबांचीच बाजू होती. दोन वर्षे आम्ही उड्या पाहिल्या, बाजू पाहिली नाही. सध्या बाबा स्टुलावर बसतात, आणि स्टूल पलंगापासून तीन फरश्या दूर आहे. फरशी कुठली, लाकडी फळ्या. मी फळ्या मोजते.

डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे पोटाचेही पाहिले. वहीत आम्ही खाणे लिहीत होतो, शौचाचे लिहीत नव्हतो. तो रकाना घातल्यावर दिसले की तीन-तीन दिवस कोरडे जातात आणि नेमक्या त्याच रात्री वाईट असतात. आता पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका आणि रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटे ठरलेली बैठक, पायांखाली पाट ठेवून, असा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. जाग आठवड्यातून तीन-चार वरून एकीवर आली आहे. मागच्या आठवड्यात एकदा पुन्हा पहाटेपर्यंत जागला आणि त्याचे कारण अद्याप मला सापडलेले नाही. वहीत त्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

यंत्रमाग_इचलकरंजी

ताई, एक विचारायचे राहिले. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा नसते, तेव्हा साडेसहाला उठवण्याचे निमित्त काय करता? आमचा सगळा डोलारा सुट्टीत कोसळतो. शिवाय आजोबांच्या चहाबद्दल पुढे लिहीन असे आपण म्हणाला होता.

शुक्रवारपेठ_आई

दोन्हींचे उत्तर एकच आहे. चहा बंद केल्यावर मामंजी आठ-दहा दिवस गप्प होते. नातू त्यांच्याशी बोलत नाही, खेळत नाही. ती बशी हेच त्यांचे दिवसातले एकमेव बोलणे होते, हे मला फार उशिरा कळले. मग ह्यांनी सुचवले की सकाळचे दूध दोघांनी मिळून आणावे. आता सुट्टी असो वा शाळा, साडेसहाला मामंजी त्याच्या खोलीचा पडदा सरकवतात, त्याच्या हातात किटली देतात आणि दोघे गंगावेशीकडे चालत निघतात. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोपही वेळेवर येते, असे डॉक्टरांनी सांगितले होतेच. येताना भरलेल्या किटलीची कडी दोघे धरतात. मामंजी उंच आहेत, त्यामुळे किटली तिरकी होते आणि जिन्यात रोज थोडे दूध सांडते.